कानबाईसाठी बिनचामड्याचा पट्टा

"माप आणलंय," उत्तमभाऊ म्हणाला आणि खिशातून एक दोरा काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. दोऱ्याला तीन गाठी होत्या.

"घोड्याचं की बैलाचं?" मी मान वर न करताच विचारलं.

"आईचं."

मी हातातली, चामडं टोचायची आरी खाली ठेवली.

मी जिनगर. खोगीर, लगाम, टांग्याचा साज शिवणं हे आमचं पिढीजात काम. धुळ्यात माझं दुकान होतं. दुसरी मोठी लढाई पेटायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. मोटारी दिसायला लागल्या होत्या, पण टांगे अजून भरपूर होते आणि हाताला उसंत नव्हती. आता उसंतच उसंत आहे. दुपारी ओसरीवर डोळा लागतो, मेणाचा वास येतो, श्रावणातलं ते ओलं पिवळं ऊन पडतं आणि त्या उन्हातून अक्का चालत येताना दिसतात. यातलं किती तेव्हा पाहिलं आणि किती पुढे झोपेत जमा झालं, देव जाणे. पण कामाचा भाग मला टाक्यान् टाका आठवतो. तेवढा सांगतो.

उत्तमभाऊ पांझरा नदीच्या काठचा शेतकरी, धुळ्याहून दोन कोसांवरचा. त्याच्या बैलांचे घुंगरांचे पट्टे माझ्या हातचे. त्याच्या आईला सगळं गाव अक्का म्हणायचं. वय साठीच्या पुढे. संधिवात दहा-बारा वर्षांचा जुना. सकाळी बोटं आखडायची, गुडघे धरायचे, उन्हात बसलं की जरा सैल व्हायचे. त्याची त्यांना सवय होऊन गेली होती.

"पण आता हे निराळंच सुरू झालंय," उत्तम सांगत होता. "आधी काही सूचना नाही. चालता चालता गुडघा एकदम सुटतो. पाय आपला नाहीच, असं होतं म्हणते."

फाल्गुनात त्या अशाच अंगणात पडल्या. नुसता हात टेकवला तर मनगट मोडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, यांची हाडं आतून पोकळ होत चाललीत. आता याला लांबलचक इंग्रजी नाव आहे म्हणतात. तेव्हा डॉक्टर साध्या भाषेत बोलले. पुन्हा पडल्या आणि खुब्याचं हाड गेलं, तर उठायच्या नाहीत. गुडघ्याला पट्टा करून घ्या, हाती काठी द्या, मांडीचा व्यायाम चुकवू नका.

घरच्यांनी त्यातलं 'उठायच्या नाहीत' एवढंच ऐकलं. एक नवी नवारीची खाट आणून ओसरीवर टाकली आणि अक्कांना सांगितलं, आता इथून हलायचं नाही.

"मग पट्टा कशाला हवा?" मी विचारलं.

"ऐकते कुठे ती? कानबाई तोंडावर आली ना."

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात एका रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून तिला चौरंगावर मांडतात. सोमवारी घरची बाई तो चौरंग डोक्यावर घेते आणि अनवाणी नदीवर नेते. पुढे वाजंत्री, मागे फुगड्या. उत्तमच्या घरचा रिवाज असा की वाटेत चौरंग भुईला टेकू द्यायचा नाही. तीस वर्षं तो अक्कांच्याच डोक्यावर होता. सुनेला त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता.

"यंदा कानबाई नेली नाही तर त्या खाटेवरून मी उठत नाही म्हणते. आणि नेली आणि पडली तर..." उत्तमने दोरा माझ्याकडे आणखी पुढे सरकवला.

मी ऑर्डर घेतली. दोऱ्याने माप घेण्यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही. परक्या पुरुषाने बाईच्या गुडघ्याला हात लावून माप घ्यायचं, ही गोष्टच कुणाच्या डोक्यात येत नसे. सुनेने दोरा गुंडाळला, गाठी मारल्या. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत पोटरी, दुसरीपर्यंत गुडघा, तिसरीपर्यंत मांडी. झालं माप.

चार दिवस मी त्या पट्ट्यावर बसलो. बाहेरून जाड चामडं, आतून मेंढीचं मऊ कातडं, दोन बाजूंना पोलादाच्या पट्ट्या, पितळेची तीन बकलं. मी माझ्या कामाचा मोठा ताठा बाळगणारा माणूस. पट्टा पुरा झाल्यावर शेजारपाजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवला. नवरदेवाच्या घोड्याला इतका देखणा तंग मिळाला नसेल. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून ओढून खोगीर बांधतात तो पट्टा.

ट्रायलला मी स्वतः गेलो. ओट्यावर अक्कांचे मालक, आबा, सुपारी कातरत होते. सूनबाई मथुरा पट्टा आत घेऊन गेली आणि थोड्या वेळाने अक्का बाहेर आल्या. बारीक अंगाच्या, सावळ्या, डोळे हसरे. अंगणातून तुळशीपर्यंत गेल्या, परत येऊन दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"आवं माय! हाऊ ते मन्हं ऐकस!" गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या.

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटायची. मथुरेने जेवूनच जा म्हटलं. जेवण झालं, हात धुतले, आणि बघतो तर अक्का भिंतीला टेकून बसलेल्या. चेहरा उतरलेला. मथुरेने पट्टा सोडला आणि म्हणाली, बकलाच्या जागी बोट जाईल एवढी खाच पडलीय. संधिवाताचा गुडघा दिवस चढतो तसा सुजतो. दोऱ्याचं माप घेतलं होतं सकाळी, बिछान्यावर. अरे, घोड्याचा तंगसुद्धा मी ठाणावर एकदा आणि राबून आल्यावर एकदा बघतो. माणसाचा पट्टा मात्र दोऱ्यावर भरवसा ठेवून शिवला. मला माझीच लाज वाटली.

"बकलं पुढे सरकवून देतो," मी म्हणालो.

"भाऊ, हाई चामडं शे ना?" अक्कांनी विचारलं.

"एक नंबरचं, अक्का."

"मंग हाई बांधीसन मी कानबाई डोकावर कशी लिसू?"

वहाणा आपण दाराबाहेर काढतो, आणि डोक्यावर देवी घेणाऱ्या बाईच्या पायाला मी चामडं बांधायला निघालो होतो. माझ्या ध्यानात आलं नाही, उत्तमच्या नाही, कुणाच्याच नाही. राग माझाच मला आला होता, पण निघाला भलतीकडे.

"चामडं चालत नव्हतं तर जिनगराच्या दारात आलातच कशाला? सोनाराकडे जायचं!"

आबा खो खो हसले. अक्का मात्र हसल्या नाहीत.

"रागे नको भरू भाऊ. तुन्हा हात माले चालतस. तुन्हं चामडं नही चालस."

आमच्या हातचा साज लोकांना हवा असे, पण पाणी द्यायची वेळ आली की तांब्या दुरून टेकवत. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे त्या बाईचं ते वाक्य मला थेट आत जाऊन लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी चुलीच्या धुराच्या नावावर खपवलं. आणि म्हणालो, "मग हातानेच माप घेऊ द्या."

मथुरेने पदर पुढे ओढला. उत्तमने आबांकडे बघितलं. आबांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं.

"घोडा लाथ मारस तरी हाऊ त्याले हात लावस. हाई बी मारी. संभाळ भो!"

घोडा लंगडत आला की जिनगर आधी पाय चाचपतो, मग त्याला चालवून बघतो. साज कुठे घासतो ते त्याशिवाय कळत नाही. मी तसंच केलं. गुडघा दोन्ही हातांत धरला. उकडलेल्या रताळ्यासारखा ऊन आणि फुगलेला. मग म्हटलं, चाला. मथुरा एका हाताशी. सरळ गेल्या, काही नाही. तुळशीपाशी वळल्या आणि गुडघा आतल्या बाजूला लटकला. मथुरेने कवेत धरलं म्हणून बरं. विसावा देऊन पुन्हा चालवलं. पुन्हा वळतानाच. थकल्या तेव्हा मात्र सरळ चालतानाही मांडी आधी थरथरायला लागली आणि मग पाय सुटला. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. तिने पुढेमागे उघडावं. स्क्रू सैल झाले की दार आडवं हलतं. अक्कांचं तेच झालं होतं. पट्ट्याने आवळायचं नव्हतं, आडवं हलू द्यायचं नव्हतं.

पण चामडं नाही तर काय? मी ओसरीवर नजर फिरवत बसलो. समोर ती नवी खाट. नवार म्हणजे खाटेला विणतात ती जाड सुती पट्टी. चार बोटं रुंद, ओढली तर बैल थकेल पण तुटायची नाही.

"ही खाट उसवू का?" मी विचारलं.

"अहो, यंदाच विणून आणलीय!" उत्तम ओरडला.

"उसव!" अक्का म्हणाल्या. मी उठायच्या आत त्यांनी स्वतःच नवारीची गाठ सोडायला घेतली. प्लास्टरातून निघालेला तो बारका हात, पण काय जोर आला होता त्यात! आबा म्हणाले, "आते मी कोठे झोपू?" अक्का उठल्या की त्या खाटेवर तेच लवंडत.

नवार धुऊन वाळत घातली. माझी आरी चामड्यात गेलेली, म्हणून मथुरेने गोधडी शिवायचं आपलं दाभण आणून दिलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच ओट्यावर शिवायला बसलो. पोलादाऐवजी बांबूच्या तासलेल्या कामट्या. बकलांऐवजी नाडी, म्हणजे सूज चढली की सैल करता येईल. असा निवांत दिवस माझ्या धंद्यात पुन्हा आला नाही. ऊन यायचं, जायचं. मधेच चार थेंब पडून जायचे. नदीचा आवाज इतका मंद की आपल्याच कानात काहीतरी वाहतंय असं वाटे. आबा जुन्या पुरांच्या गोष्टी सांगत होते, आणि अक्का शेजारी बसून पाय सरळ ताणून आकडे मोजत होत्या. दहा झाले की सोडायचा, पुन्हा ताणायचा. हा डॉक्टरांनी सांगितलेला मांडीचा व्यायाम. चार महिने कुणी करून घेतला नव्हता. त्या दिवसापासून पंधरा दिवस त्यांनी तो एकदाही चुकवला नाही.

पट्टा बसला. मी संध्याकाळी, सूज चढल्यावर पुन्हा बघितला, तरी बसला. मग मी माझ्या अटी सांगितल्या. गिरकी घ्यायची नाही. वळायचं तर चार बारकी पावलं टाकून वळायचं. मथुरा बाजूला, तिचे दोन्ही हात मोकळे. आणि मांडी थरथरायला लागली की चौरंग तिच्या डोक्यावर द्यायचा.

आधीच्या अटींना अक्कांनी मान डोलावली; शेवटचीला मात्र त्या पट्ट्याची नाडी आवळत राहिल्या.

सोमवारी मी दुकान बंद ठेवून गेलो. घरोघरच्या कानबाया निघालेल्या, हळद-कुंकवाने वाट रंगलेली, बायांची गाणी एकात एक मिसळलेली. लोक देवीचं मुख बघत होते. मी मेला एका गुडघ्याकडे बघत चाललो होतो. देवीने मला माफ केलं असावं. अक्का अशा चालत होत्या की पाण्यावरून काहीतरी तरंगत जावं. वेशीपाशी बाया नाचायला लागल्या, त्यांच्यातल्या दोघींनी अक्कांना ओढलं. अक्कांनी नजरेनेच नकार दिला आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. माझ्या जिवात जीव आला.

मग नदीची उतरण लागली. ओली, घसरडी. पाणी वीस पावलांवर. अक्का थांबल्या. लुगड्याच्या काठाखाली मला दिसलं, मांडीपासून पाय थरथरत होता. कामट्या ताणल्या होत्या, पण धरून होत्या. वीस पावलं त्या धरतील का, मला सांगता येत नव्हतं. शिवणाऱ्यालाच सांगता येत नव्हतं! पडल्या तर खुबा जाणार, आणि देवीही भुईला लागणार. काठी घेऊन चाललेला उत्तम "आई!" म्हणून धावला. अक्कांनी त्याला हातानेच थोपवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या झोपेत अजून त्या तिथेच उभ्या असतात. वाजंत्री पुढे निघून गेलेली, आजूबाजूला नुसतं ऊन.

"मथुरा," त्या म्हणाल्या, "पुढे ये. डोकं दे."

एका डोक्यावरून चौरंग दुसऱ्या डोक्यावर गेला. नथसुद्धा हलली नाही. मथुरा रडत होती, पण पावलं बरोबर टाकत होती. अक्कांनी उत्तमकडून काठी घेतली आणि तिच्या मागून बारक्या बारक्या पावलांनी पाण्यापर्यंत आपल्या पायांनी गेल्या.

परतताना एका म्हाताऱ्या शेजारणीने चुकचुकत म्हटलं, "शेवटले गुडघाने दगा दिधाच ना, अक्का?"

अक्का थांबल्या. चार बारकी पावलं टाकून तिच्याकडे वळल्या.

"नही वं. कानबाई मी दिधी. गुडघाने नही लिधी."

पुढची सहा वर्षं अक्का चालत्या होत्या. गुडघा अधूनमधून सुटायचाच, संधिवातही गेला नाही. पण मांडी ताणणं सुटलं नाही, पट्टा दरवर्षी नवा व्हायचा, आणि खुबा शेवटपर्यंत शाबूत राहिला. त्यांचं ऐकून आणखी गिऱ्हाइकं आली. पट्टा बांधला की पडणार नाही ना, असं प्रत्येकजण विचारी. मी म्हणायचो, तसं काही नाही. पाय सुटायला लागला की पट्टा तुम्हाला थोडा वेळ मिळवून देतो. त्या वेळात काय करायचं, ते जिनगराला शिवता येत नाही.