रेशमाच्या तुकड्यानं निवडलेला सँडर

सेनगावात लाकूडकामावर सगळ्यात जास्त बोलणारा माणूस मी आहे, आणि सगळ्यात कमी लाकूडकाम केलेलाही मीच आहे. पेशानं मी गणिताचा मास्तर. पण मोबाईलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघून बघून माझी अशी समजूत झाली होती, की माझ्या हातात खडू चुकून आला, मूळचा पिंड रंध्याचा! (रंधा कोणत्या बाजूनं धरतात हे मला अजूनही सांगता येत नाही. पण पिंड त्याचाच.)

आमची मंगल ब्लाउज शिवते. "शिवते" हा शब्द तिच्या कामापुढं फार लहान आहे. पार औंढ्याहून बाया जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तिच्याकडं माप द्यायला येतात. ती कापड कापते ते टेबल सागवानाचं, सहा फुटांचं, तिच्या वडलांनी तिला लग्नानंतर हौसेनं करून दिलेलं. इतक्या वर्षांत त्याच्यावर कात्रीचे ओरखडे पडले, इस्त्रीचे डाग पडले, कुसं वर आली.

"टेबलावर रेशीम अडकून राहिलंय," ती एकदा म्हणाली. "किसनदादा आले की घासून घ्या म्हणते."

किसनदादा म्हणजे आमच्या गल्लीतले सुतार. ते पंधरा दिवसांसाठी परभणीला लेकीकडं गेले होते. मी मोबाईल बाजूला ठेवला.

"किसनदादा कशाला? मी आहे ना!"

मंगलनं माझ्याकडं पाहिलं, मग टेबलाकडं पाहिलं. "काहून? त्यानं काय वाकडं केलं तुमचं?"

हा अपमान मी गिळला आणि दुसऱ्याच दिवशी हिंगोलीला गेलो. तिथं हत्यारांचं एक जुनं दुकान आहे. मालकांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी चष्म्यावरून विचारलं, "मास्टरसाब, मशीन लकडी को होना क्या लोहे को?"

आता ज्याचा पिंड रंध्याचा, त्याला कुणी असं विचारावं? मी ताडकन म्हणालो, "ताकद पाहिजे! सगळ्यात ताकदवान कोणतं ते द्या!"

चाचा दोनदा म्हणाले, "सोच लो." मी एकदाही सोचलो नाही. त्यांनी लोखंड घासायचा ग्राइंडर दिला, त्याला लावायची खरखरीत चकती दिली आणि वर म्हणाले, "संभाल के." ते मला म्हणत होते की मशीनला, हे तेव्हा कळलं नाही.

रविवारी सकाळी मंगल बाजाराला गेलेली बघून मी टेबल अंगणात ओढलं. डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून डोक्यात हेल्मेट घातलं. बटण दाबलं.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मशीन एकदम डावीकडं पळालं, त्याच्यामागं मी! मी उजवीकडं ओढलं, तर ते टेबलावर बसलं आणि जागेवरच गरगरायला लागलं. भुशाचा असा लोट उठला की मला माझेच हात दिसेनात. बंद करावं तर बटण आत जाऊन अडकून बसलेलं! "बंद हो! बंद हो!" मी हेल्मेटमधून ओरडत होतो. मशीननं माझं ऐकलं नाही. (वर्गातली पोरंही ऐकत नाहीत, त्यामुळं सवय होती.)

मग अचानक सगळं शांत झालं. लाईट गेली होती. भारनियमनाला मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.

धुरळा बसला तेव्हा टेबलाच्या बरोबर मधे एक खड्डा दिसला. चांगला वरणाची वाटी बसेल एवढा! भुसा कुठं गेला म्हणून बघावं तर तो भिंतीपलीकडं शेजारच्या सुमनवहिनींच्या अंगणात गेला होता. तिथं खाटेवर गव्हाच्या चिकाच्या पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या. आता त्या नाचणीच्या दिसत होत्या.

सुमनवहिनी भिंतीवरून डोकावल्या. "अगं बया! हेल्मेट घालून काय करून राहिले भाऊजी तुमी?"

"टेबल गुळगुळीत करतोय," मी म्हणालो.

त्यांनी आधी कुरडया पाहिल्या, मग खड्डा पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. कारण चारच दिवसांवर त्यांच्या लेकीचं लग्न होतं, आणि शालूवरच्या ब्लाउजचं कापड आमच्या घरात, त्याच टेबलावर कापलं जायची वाट बघत होतं!

तेवढ्यात मंगल भाजीची पिशवी घेऊन दारात उभी. मी हेल्मेट काढलंच नाही. काही झालं तर डोकं तरी वाचावं.

मंगल ओरडली नाही. पिशवी खाली ठेवून ती टेबलाजवळ आली आणि वडलांनी दिलेल्या त्या लाकडावरून हात फिरवत खड्ड्यापाशी थांबली. तिचे डोळे भरून आले. त्यापेक्षा तिनं कोथिंबिरीची जुडी माझ्या अंगावर फेकली असती तर बरं वाटलं असतं.

"मंगल, कसं करावं गं आता?" सुमनवहिनी रडकुंडीला आल्या. "दुसरीकडं द्यावं का कापड?"

"दोन दिवस थांबा वहिनी," मंगल पदरानं डोळे पुसत म्हणाली. "ब्लाउज माझ्याच हातचं घालंल तुमची लेक. आन् कुरडया मी घालून देते नव्या." मग माझ्याकडं वळली. "हेल्मेट काढा. हिंगोलीला जायचंय."

जाताना तिनं दोनच वस्तू घेतल्या: कपाटाची एक जुनी सागवानी फळी, आणि वीतभर रेशमी कापडाचा तुकडा. जीपमध्ये मी तिला वॅट म्हणजे काय, मिनिटाला फेरे किती असावेत, हे समजावत होतो. ती खिडकीबाहेर सोयाबीनची रिकामी शेतं बघत होती.

दुकानात शिरल्या शिरल्या ती म्हणाली, "चाचा, लाकूड घासायच्या जितक्या मशिनी हायेत तितक्या काढा. आन् या फळीवर चालवून दाखवा."

चाचांनी तीन काढल्या. पहिली पट्ट्याची. ती फळीवर फिरली, मंगलनं रेशमाचा तुकडा त्या जागेवर टाकला आणि हलकेच ओढला. अडकला. "ही न्हाई." दुसरी चौकोनी, थरथरणारी. रेशीम थोडं पुढं गेलं आणि अडकलं. मंगलनं फळी उजेडाकडं तिरपी धरली. "हे बघा, बारीक बारीक रेघोट्या. ही बी न्हाई."

तिसरी गोल, मुठीत मावणारी. "ये रँडम ऑर्बिटल सँडर," चाचा म्हणाले. "चकती घूमती भी है, और साथ में डोलती भी है. एक रेघ पे दुबारा नहीं चलती."

ती फळीवर फिरली. रेशीम टाकलं. मंगलनं नुसतं बोट लावलं आणि तुकडा सर्रकन फळीवरून खाली! दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघायला आली.

मी घाईनं पुढं झालो. "वॅट किती आहेत हिचे?"

"थांबा हो जरा," मंगल म्हणाली. "चाचा, हिला वेग कमीजास्त करायला काही हाय का? रेशीम शिवताना मशीनच्या पायट्यावर पाय हलका ठेवावा लागतो, तसं?"

होतं. मागं एक चाक होतं. मग तिनं मशीन चालू करून पाच मिनिटं नुसतं हातात धरलं. "मुंग्या येत न्हाईत. बरं हाय. नायतर दुसऱ्या दिवशी कात्री धरता येणार न्हाई." पॉलिश पेपर चकतीला कसा चिकटतो ते पाहिलं आणि हसली. "हे तर आपलं वेलक्रो!" पेपरची भोकं चकतीच्या भोकांवर बरोबर बसवली, कारण भुसा त्यातूनच मागच्या पिशवीत जातो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. शेवटी विचारलं, "याचे पेपर इथं कायम मिळतात ना? नायतर मशीन आणायचं आन् फडताळात ठेवायचं."

चाचांनी चष्मा काढला. "बेटी, इतने साल दुकान में बैठा हूं. लोग हॉर्सपॉवर पूछते हैं, कंपनी पूछते हैं. रेशम लेके कोई नहीं आया." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्टरसाब, अगली बार आप घर पे रुको."

घरी आल्यावर मी खड्ड्याकडं बोट दाखवलं. "पण हा कसा भरून निघणार? एवढं खोल घासायचं म्हणजे टेबलाचा पाट होईल!"

"घासायचं कशाला?" मंगल म्हणाली. "वरची फळी खोला आन् उलटी बसवा. खालच्या अंगाला हात लागलाय का कुणाचा?"

मी गणिताचा मास्तर. हे उत्तर मला सुचलं नव्हतं.

फळी उलटी बसवली. पदर खोचून, तोंडाला ओढणी बांधून मंगलनं आधी जाड पेपर लावला, मग मध्यम, मग बारीक. मी मधेच म्हणालो, "जरा दाबून धर!" तर म्हणाली, "इस्त्री दाबून धरली तर कापडाचं काय होतं? वजन मशीनचं. आपण नुसतं फिरवायचं." ती फिरवत गेली, आणि त्या मळकट, विसरलेल्या बाजूतून मधाच्या रंगाचं सागवान वर आलं. मी नुसता बघत राहिलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, बायकोला इतका वेळ एकटक पहिल्यांदाच बघत होतो. ती म्हणाली, "काय बघून राहिले? वायर पायात येऊन राहिलीय, उचला."

शालूवरच्या ब्लाउजचं कापड टेबलावर टाकलं, तर ते सर्रकन घसरून थेट माझ्या मांडीवर! "आता टाचण्या लावाव्या लागतील," मंगल म्हणाली. कितीतरी वेळ हसू आवरेना तिला. ब्लाउज वेळेत झालं. नवरी पोर इतकी साजरी दिसत होती की सुमनवहिनी कुरडयांचं बोलल्यासुद्धा नाहीत.

लग्नानंतरच्या आठवड्यात किसनदादा परभणीहून आले. टेबलावरून त्यांनी उलटा तळहात फिरवला, वाकून उजेडात पाहिलं. "वा! वा! गुर्जी, हे कुणी केलं?"

मंगल आत चहा ठेवत होती. मी जरा खाकरलो. "केलं असंच... सवड होती जरा."

"मंग बरं झालं! मारुतीच्या देवळाचं नवीन दार घासायचंय. सागवानाचं हाय, गावानं वर्गणी काढून केलंय. उद्या तुमीच या!"

माझ्या डोळ्यांपुढं दार आलं, दाराला पडलेला खड्डा आला आणि त्या खड्ड्यातून माझ्याकडं बघणारं अख्खं गाव आलं. "दादा," मी कसंबसं म्हणालो, "खोटं बोललो. मंगलनं केलं."

किसनदादा शांतपणे खुर्चीवर बसले.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "तुमी केलं असतं तर टेबल चार पायांवर उभं राहिलं असतं व्हय? मी मंगललाच दाराचं विचारायला आलो होतो. म्हटलं, बघावं मास्तर किती येळ तग धरतेत."

मी घड्याळ पाहिलं नव्हतं. पण मंगल आतून म्हणाली, "चहाला उकळी यायच्या आत!"