विश्रांतीच्या दिवशीच्या बैठका

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. ताईंनी शिकवलेल्या उड्यांनी एका पोरीचा गुडघा बिघडला, असं डोंबिवलीतल्या आमच्या खो-खो मंडळात आजही सगळे समजतात. ते तसं नव्हतं.

तेव्हा मी मंडळाचा जुना प्रशिक्षक. मुलींना तयार करायची माझी पद्धत एकच, बैठका. जाड मांडी म्हणजे वेगवान पोरगी, असं मी स्वतःची मांडी थोपटून सांगायचो. मग कमिटीने एक तरुण प्रशिक्षिका आणली. एक हंगाम बघू, जमलं तर कायम करू, असं ठरलं. मुली त्यांना ताई म्हणायच्या, मी मुद्दाम मॅडम.

ताईंनी लाकडी खोके करून आणले. खोक्यावरून खाली उडी, पाय टेकले की लगेच वर. जमिनीवर रेंगाळायचं नाही.

"मॅडम, आपल्या खाडीत बेडूक कमी पडले का?" मी विचारलं.

"सर, बेडकाला कधी बैठका मारताना पाहिलंय?"

पोरी फिदीफिदी हसल्या. मला राग आला, कारण पाहिलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. खाली उतरताना मांडीचा स्नायू ताणला जातो, त्या ताणाचा जोर विरायच्या आत वर उसळायचं. बैठकांनी ताकद येते, पण ती झटकन वापरायला उड्या शिकवतात. "खो मिळाल्यावर मांडी केवढी आहे ते कोण बघतं सर? किती लवकर उठली ते बघतात."

काही आठवड्यांत ते दिसलंच. दिवा गावाहून येणारी एक मुलगी खो मिळाल्यावर कुणाला तरी विचारून मग उठावं तशी उठायची. ती आता दाबून धरलेली स्प्रिंग सोडावी तशी सुटायला लागली. मी म्हटलं, वयाने सुधारली.

पण ताईंची एक गोष्ट मला सोसवेना. उड्यांच्या दुसऱ्या दिवशी पायांना पूर्ण सुट्टी. जोर या आरामातच मुरतो म्हणे. मुली मैदानाच्या कडेला बसून नुसत्या पाठीचे, हातांचे व्यायाम करायच्या. माझ्या मैदानावर पोरी बसलेल्या! ताई टिटवाळ्याच्या शाळेतून उशिरा यायच्या. तेवढ्यात मी सगळ्यांत चपळ मुलीला बाजूला घ्यायचो. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, तोंडाने पायांपेक्षा तेज.

"सर, मांड्या भरून आल्यात."

"म्हणजे तयार होतायत. मार बैठका. आणि मॅडमना सांगायचं नाही."

"तुम्ही ताईंना घाबरता काय सर?"

"मी? छे!"

घाबरतच होतो.

स्पर्धा तोंडावर असताना तिचा गुडघा सुजला. ती खेळू शकली नाही, आम्ही हरलो. कमिटीने मला विचारलं, उड्यांनी झालं का? मी म्हणालो, "एवढ्या उड्या मारल्यावर दुसरं काय होणार?" पोरगी तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बैठकांचं कुणालाच सांगितलं नाही. ताईंना कायम केलं नाही. त्यांनी खोके टेम्पोत घातले आणि ठाण्याला गेल्या.

पोरीचा गुडघा पुढे बरा झाला. माझे मात्र दोन्ही आता कुरकुरतात.

गेल्या हिवाळ्यात ठाण्यात एका स्पर्धेला पाहुणा म्हणून गेलो होतो. ताई त्यांचा संघ घेऊन आल्या होत्या. मी खुर्चीच्या हातांवर जोर देत उठताना त्यांनी पाहिलं.

"काय सर, बैठका चालू आहेत ना?"

"आता उठणं हीच बैठक."

त्या मनापासून हसल्या. "हात न लावता उठायची सवय करा. रोज नको हं, मध्ये पायांना सुट्टी द्या."

सुट्टी म्हणाल्या तेव्हा माझ्या घशात वाक्य आलं होतं. मी म्हणालो, "चहा घेणार?" तेवढ्यात शिट्टी वाजली आणि त्या मुलींकडे धावल्या.

वाक्य एवढंच होतं: ताई, तो गुडघा तुमच्या उड्यांनी नाही, माझ्या बैठकांनी सुजला होता. मला माफ करा.