वरून तळं दिसलं का?

पर्वतावरून उतरलेला माणूस आधी नोंदवाल्या बाईंसमोर बसायचा, मग घरी जायचा. बाई त्याला चहा देत, वारा, बर्फ, वाट सगळं विचारत आणि उठता उठता सहज म्हणत, "वरून तळं दिसलं का?" "दिसलं की" म्हणणाऱ्याचं नाव माथा गाठलेल्यांच्या यादीतून तिथल्या तिथे खोडलं जाई. माथ्यावरून तळं दिसतच नाही, मधे पर्वताचा खांदा येतो. तळं दिसतं ते दोन तास खाली, त्या खांद्यावरून. खांद्यालाच माथा समजून परतणारे आणि सरळ थापा मारणारे, दोघेही या प्रश्नात सापडत.

ही युक्ती बाईंना बावीस वर्षांपूर्वी जुने फोटो चाळताना सापडली आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. कारण पर्वताच्या इतिहासात पहिलं नाव त्यांच्या वडिलांचं होतं. पहिली तुकडी अर्ध्यातून परतली, दुसरी परतलीच नाही, तिसरीतला हा दोर वाहणारा गडी एकटा माथ्यावर पोचला. "निळंशार तळं, अगदी पायाशी," हे तो पन्नास वर्षं शाळाशाळांतून सांगत होता. जगाला लावलेला नियम बाईंनी घरी लावला नव्हता.

आता तो इतिहास छापायला जायचा होता. प्रत्येक नावापुढे बाईंची सही हवी होती. पहिल्या पानावर त्यांचं पेन अडलं. त्या उठल्या, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. पुसलेलं टेबल परत पुसलं. शेवटी चहाचा कप घेऊन वडिलांसमोर बसल्या.

"बाबा, वरून तळं दिसलं का?"

म्हातारा हसला. "मलाही सोडत नाहीस होय? नाही दिसलं. धुकं इतकं, की स्वतःचा हात दिसेना. खाली आलो तर जो तो विचारतोय, वरून काय दिसलं? काहीच नाही म्हटलं की लोकांची तोंडं उतरायची. मग दिलं एक तळं ठोकून."

"मग माथा कशावरून?"

"चहूकडे उतार होता. चढायला काही उरलं नव्हतं. मला एवढंच माहीत."

बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, पण घोटभर चहापुरतंच. बाबांची ती तळ्याची गोष्ट गावातली पोरं लहानपणापासून ऐकत आली होती. धुक्यातून रिकाम्या डोळ्यांनी उतरलेल्या माणसाने तेच तळं उसनं घेतलं असेल तर? खोडलेली नावं एकोणीस होती.

त्यांतला एक घड्याळवाला. नाव खोडल्यावर तो इरेला पेटून पुन्हा चढला आणि उजव्या हाताची चार बोटं गमावून आला. त्या खेपेला तो "नाही दिसलं" म्हणाला, तेव्हा बाईंनी मोठ्या समाधानाने नोंद केली होती.

बाई तशाच निघाल्या. त्याच्या दुकानावरून पुढे गेल्या, वळल्या, पुन्हा पुढे गेल्या. आत घड्याळवाला बायकोला कुठला स्क्रू फिरवायचा ते सांगत होता. तिच्या हातून स्क्रू निसटला की हा शांतपणे पुन्हा सांगायचा. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"पहिल्या खेपेलाच पोचला होतात का तुम्ही?"

त्याने मान वर केली नाही. "तेच सांगत होतो तेव्हा, बाई."