मेमरीतली रांग

रंजना पाटील सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका रंगाई मिलमध्ये प्रोग्राम लिहायची. तिचे वडील लोटू अमळनेरहून सुरतेला आलेले. लूमच्या खटखटाटात त्यांचे कान गेले होते. संगणकावर बसून कमावणारी घरातली ती पहिलीच.

१९९८ सालची गोष्ट. व्यापाऱ्याने फोनवर रंग बदलला की ऑफिसातली कुसुम तो थेट संगणकात भरायची. मशीनखात्यात चिठ्ठी छापून होईपर्यंत तिचा संगणक अडून राहायचा. म्हणून रंजनाला निरोपांची रांग करायची होती: कुसुमने निरोप टाकून मोकळं व्हायचं, दुसरा प्रोग्राम मागून एकेक उचलून छापेल. सर्व्हरबरोबर तशी तयार सोय आली होती. निरोप डिस्कवर लिहायचे तर वेळ लागे. नुसते मेमरीत ठेवले तर काम झटपट, पण वीज गेली की सगळे पुसले जाणार. पुस्तकातली ती ओळ रंजनाने वाचली होती.

"आटली वार केम, रंजनाबेन?" इतका वेळ का, म्हणून मिलचे शेठ रोज मागे येऊन उभे राहत.

तिने मेमरी निवडली.

पंधराच दिवस झाले असतील. गुरुवारी सकाळी प्रिंटरमध्ये कागद अडकला, निरोप साचत गेले आणि तेवढ्यात वीज गेली. सर्व्हरच्या बॅटरीने दोन मिनिटंही दम धरला नाही. वीज आली तेव्हा रांग रिकामी होती, आणि मशीनं जुन्याच रंगांवर सुरू झाली होती.

रंजना धावत मशीनखात्यात, तिथल्या दगा मास्तरांकडे गेली.

"दगा मास्तर, मशीनं थांबवा!"

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या. चूक माझी आहे."

मास्तरांनी मशीनं थांबवली. तोवर कापडाचे दोन लॉट गडद मरून रंगात रंगून झाले होते. ते फिकट गुलाबी हवे होते.

दुपारभर ती आणि कुसुम एकेका व्यापाऱ्याला सकाळचा रंग पुन्हा विचारत राहिल्या. कोणी सांगे, कोणी शिव्या घाले.

"काय व्हयनं, माय?" संध्याकाळी वडिलांनी विचारलं. हळू सांगितलेलं त्यांना ऐकू जाईना. शेवटी ती ओरडली, "माले माहीत व्हतं, बाबा! वीज गयी का सगळं जाई, माले माहीत व्हतं!" शेजारच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिने निरोप डिस्कवर ठेवायची सोय केली. शेठ ओरडले नाहीत. सुरतेतल्या वराछा भागातल्या एका माणसाला त्यांनी प्रोग्राम सोपवला. त्याने त्यात काहीच बदललं नाही. रंजनाला कुसुमशेजारच्या फोनवर बसवलं. पहिलाच फोन त्या गुलाबी लॉटवाल्याचा होता.