बिनविरोध अध्यक्ष

२००९च्या सुरुवातीला आमच्या ह्यांची दुबईची, जबल अलीतली नोकरी गेली. बुधवारी पत्र हातात पडलं. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. शुक्रवारी आमच्या मराठी मंडळाची निवडणूक होती आणि अध्यक्षपदाला ह्यांचं एकट्याचंच नाव होतं. खरं तर यंदा पाळी सचिवांची, पण त्यांनीच आग्रह करकरून ह्यांना पुढे केलं होतं.

"उमेदवारी घ्यायची नाही, दोन वाक्यांत आटपा," शारजातल्या अल मजाजच्या घरून निघतानाच मी बजावलं. नोकरीचं मात्र कुणाला कळू द्यायचं नाही, हा ह्यांचा हट्ट. कीव करत कुणी विमानतळावर सोडायला यायला नको, म्हणाले.

आमच्या मंडळात उमेदवाराने दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो, अशी रीत. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा हावरट ठरतो. हे आम्ही दोघंही साफ विसरलो.

हे उठून म्हणाले, "मला हे जमणार नाही." टाळ्या पडल्या.

"खरंच सांगतोय, पुढच्या वर्षी मी इथे असेन असं नाही." हशा. "असाल हो, इन्शाल्ला," मागून कुणीतरी म्हणालं. हे माझ्याकडे बघायला लागले. मी मानेनेच नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं, वहिनीही रीत पाळतायत.

मग ह्यांनी माइक धरला आणि उमेदवारी स्वीकारली. बरं, स्वीकारून गप्प बसावं, तर वीस मिनिटं बोलले. गणपतीत मुलांचं नाटक, वाचनालय, नव्याने येणाऱ्यांना घर शोधून द्यायला समिती. त्या मंदीत नव्याने कोण येत होतं, देव जाणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ऑफिसात कपातीची यादी निघणार म्हणून दोन महिने हा माणूस घरात धड बोलला नव्हता, आणि इथे आवाज कसा खणखणीत. शेवटी मीही टाळ्या वाजवल्या. पहिल्याच रांगेत बसले होते, करणार काय.

गाडीत मुलगी म्हणाली, "सो वी आर नॉट गोइंग?" हे सिग्नलकडे बघत राहिले. नवी घेणार आहोत असं सांगून तिने आदल्याच दिवशी सायकल मैत्रिणीला देऊन टाकली होती.

घरी पोचल्याबरोबर मी सचिवांना फोन लावून ह्यांच्या हातात दिला.

"अहो, मला खरंच नाही जमणार."

"अध्यक्ष, आता पुरे झाला विनय," पलीकडून हसणं ऐकू आलं.

मी फोन हिसकावून घेतला. "भाऊजी, ह्यांची नोकरी गेलीय. महिन्याभरात आम्ही चाललोय."

पलीकडचं हसणं थांबलं.

"वहिनी," मग म्हणाले, "माझी गेली म्हणून तर मी त्यांचं नाव सुचवलं."