माझं जुनं, मुग्धाचं नवं

आमच्या संस्थेत घुंगरं कमी आणि किस्से जास्त, असं आमचे तबलजी नाना म्हणतात. कुणीही चहाला भेटलं की 'तो पाचोऱ्याचा सांग ना' अशी फर्माईश होते, आणि एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो. परवा मी सगळे मनातल्या मनात ओळीने लावून पाहिले, तर प्रत्येकात मुग्धा आहे. आता किस्से माझे, सांगणारी मी, मग ही बया सगळीकडे कशी?

तर आधी ओळख करून देते. जळगावात आमची नृत्यसंस्था आहे. नाचतो कथक, पण पाटीवर 'बॅले' असा शब्द आहे. नवीन माणूस हमखास विचारतो, "म्हणजे पायाच्या बोटांवर उभं राहून नाचता का?" नाना सांगतात, "मे महिन्यात गच्चीवर तालीम असली की नाचतात."

संस्था बाईंची. बाई म्हणजे आमच्या गुरू. त्यांचा नियम असा की कार्यक्रमाचा पहिला अर्धा भाग जुना. त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलं ते, पापणीसुद्धा इकडची तिकडे न करता. दुसरा अर्धा भाग नवा, इथेच घडवलेला. जुनं माझ्याकडे, नवं मुग्धाकडे. बाई याला वाटणी म्हणतात. मी याला काय म्हणते ते छापण्यासारखं नाही.

*

मुग्धा धुळ्याची. पहिल्यांदा आली ती एसटीने, पाठीवर सॅक, केसांत पारोळ्यापासूनची सगळी धूळ. बाई म्हणाल्या, "काय येतं ते दाखव." कुणीही अशा वेळी शिकलेलं दाखवतं. हिने स्वतः बसवलेलं दाखवलं!

मी मनात म्हटलं, आता बाई हिला जिना दाखवणार. बाईंनी माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या नाचाला 'ठीक' याच्या पुढे शब्द वापरलेला नाही. त्या मुग्धाला म्हणाल्या, "परत कर."

मी घरी गेले ती तणतणतच. यांना सगळं सांगितलं. यांनी पेपर खाली न करता विचारलं, "परत कर म्हणाल्या? म्हणजे चुकलं असेल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं प्रेमाचं वाक्य हा माणूस माझ्याशी त्याआधी बोलला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

*

बाईंचा आणखी एक नियम आहे, आणि तो मला छळण्यासाठीच केलेला आहे असं माझं ठाम मत आहे. जुनं नाचणारीने नव्याची पढंत करायची, आणि नवं नाचणारीने जुन्याची. पढंत म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणत, हाताने ताल देत बाजूला बसायचं. तालमीला, कार्यक्रमाला, प्रत्येक वेळी. म्हणजे मुग्धा मध्यभागी प्रकाशात, आणि मी कोपऱ्यात मांडी घालून तिच्यासाठी 'धा तिट धा' करत बसलेली.

पाचोऱ्याला तिची पहिली रचना होती. तिने मध्येच एक लांब जागा कोरी ठेवली होती. तबला बंद, बोल बंद, ताल देणारा माझा हात वरच थांबलेला, ती एका पायावर स्तब्ध. पाचोऱ्याच्या लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या सुरू झाल्या, मागचे दोघं-तिघं तर चपला शोधायला उठले. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की हात वर धरून ठेवणं जड जाऊ लागलं.

मुग्धा हललीच नाही. टाळ्या हळूहळू थांबल्या, उठलेले बसले, आणि तिने पाऊल टाकलं ते बरोबर समेवर. नंतर जो भेटेल तो म्हणे, "काय कल्पना आहे! टाळ्यासुद्धा नाचात बसवल्या!"

पुढचा कार्यक्रम अमळनेरला. तिथले लोक जाणकार, त्या जागेला कुणी हूं की चूं केलं नाही. मुग्धा पडद्यामागे येऊन मला विचारते, "ताई, आज मधल्या टाळ्या का नाही आल्या?"

मी म्हटलं, "दम लागतो रचनेत."

*

तिचा राग यावा असं ती काही म्हणजे काही करत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष. वाकून नमस्कार करते. डबा आणला तर पहिला घास मला. एकदा हिवाळ्यात नानांच्या मळ्यात आमची भरीत पार्टी होती. वांगी भाजणं माझ्याकडे असतं, दरवर्षी. कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे. माझ्या आईने केलं तसंच मी करते, त्यात बदल नाही.

मुग्धाने तेवढ्यात थोडं भरीत बाजूला काढून त्यात दही कालवलं. जळगावच्या भरितात दही! मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी ते चाखलं, आणि कळण्याची आणखी एक भाकरी मागून घेतली.

नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घ्या ताई, दुसरा अर्धा भाग सुरू झाला."

*

नानांनाच मी एकदा खिंडीत गाठलं. म्हटलं, "नाना, तुम्ही दोघींना साथ करता. खरं सांगा, कुणाबरोबर वाजवायला बरं वाटतं?"

नाना तबल्याला हातोडी मारत म्हणाले, "ताई, तुमच्या वेळेला माझा डोळा लागला तरी हात बरोबर चालतो. तिच्या वेळेला डोळा लागला की मी मेलो."

मी खुशीत घरी गेले. यांना सांगितलं. हे म्हणाले, "वा." रात्रीचा कुकर लावला, दोन शिट्ट्या झाल्या, आणि तिसऱ्या शिट्टीला माझ्या लक्षात आलं की नाना काय म्हणाले!

*

आता 'पिलबागे'चं. माझं माहेर रावेरकडचं, घरी केळी. केळीचं झाड एकदाच घड देतं. घड उतरवला की खोड कापतात, आणि त्याच्या बुडाशी आलेली पिलं वाढवून दुसरं पीक घेतात. त्याला पिलबाग म्हणतात. हे मुग्धाला माझ्याकडूनच कळलं. तिने विचारलं, मी सांगितलं. खोड कसं कापतात, कापल्यावर ते कसं हळूच कलतं आणि मग एकदम पडतं, पाणी कसं गळतं, पिल कुठून डोकं काढतं. चांगलं तासभर सांगितलं. भोळेपणा, दुसरं काय.

महिनाभरात मुग्धा बाईसाहेबांनी त्याची रचना बसवली. एकटीच नाचणार, आधी खोड, मग पिल. पहिली तालीम झाल्यावर बाईंनी विचारलं, "खोडाचं चालणं फार छान आलंय. कुठून सुचलं?"

मुग्धा अगदी मनापासून म्हणाली, "वैशालीताईंकडे बघून."

नाना तबला झाकायच्या निमित्ताने खाली वाकले ते वर येईनात. मी घरी येऊन यांना म्हटलं, "कळलं का, खोड म्हणजे मी! घड देऊन झालाय, आता कापायचं बाकी आहे."

हे म्हणाले, "पण तिला पिल व्हायला तुझ्याच बुडाशी यावं लागलं ना?" मी त्या दिवशी जेवले नाही. पण वाक्य बरं होतं.

*

आणि एक आई. मुलीला क्लासला घालायला आली होती. मला वाटलं, माझ्याकडेच शिकायला आणलीय. मी तिला बसवलं, पाणी दिलं, जुनं शिकणं म्हणजे काय, पाया म्हणजे काय, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो ना मॅडम. मग नवीनवाल्या मॅडम किती वाजता येतात?"

*

शेवटचा दोंडाईचाचा.

तिथले आबा कापसाचे मोठे व्यापारी. धुळ्याला दरवर्षी नृत्यमहोत्सव होतो, त्याच्या समितीत त्यांचा शब्द शेवटचा. एका संस्थेला अख्खी संध्याकाळ देतात. ती आम्हाला द्यायची का, हे ठरवायला आबांनी आधी आपल्या गावात आमचा कार्यक्रम ठेवला. पहिल्या भागात मी, दुसऱ्यात मुग्धाची पिलबाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या अंगणात आम्ही चहाला बसलो. आबा बाईंना म्हणाले, "बाई, धुळानी संध्याकाळ तुमनी. पन फक्त जुनं लई या. बठ्ठा वेळ या ताईस्ना. त्या नवामा माले काही समजनं नही. बाई पडस, मंग उठस. काय शे ते?"

अख्खी संध्याकाळ, मी एकटी, आणि तीही धुळ्यात, मुग्धाच्या गावात! लग्नाच्या आधीपासून मी जे मागत आले होते ते चहाच्या कपाबरोबर समोर आलं होतं. बाई नेहमी ठणकावून सांगतात की दोन्ही नाही तर काहीच नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वैशाली, संध्याकाळ तुझी आहे. तू सांग."

मुग्धा खांबाला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली आणि हातातलं बिस्कीट चहात बुडवून तसंच विसरली. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "आबा, नेमकं काय समजलं नाही?"

"बठ्ठंच."

"तुमच्याकडे केळी नसेल."

"कापूस शे."

"म्हणूनच," मी म्हटलं. मला आबांचा असा काही राग आला की विचारू नका. मी कप खाली ठेवला, पदर खोचला आणि फरशीवर उभी राहिले. "ही केळ आहे, आबा. हिला आत्ताच घड आलाय. नीट बघा."

घुंगरू नाही, तबला नाही. बोल मीच म्हणत होते, पढंत करून करून सगळं पाठच झालं होतं. घड उतरला, खोड कललं, मी आबांच्या शहाबादी फरशीवर पडले. गुडघ्याला लागलं ते नंतर कळलं. मग त्याच जागेवरून पिल उठलं, एक पान, दुसरं पान, शेवटच्या चकरेपर्यंत सगळं. आबांच्या घरातून त्यांच्या पत्नी अक्का पिठाच्या हातांनीच बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. नाना गुडघ्यावर ठेका धरून बसले होते.

मी थांबले. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आते समजनं," ते म्हणाले. "बाई, दोन्ही लई या. पन हाई नवीनबी या ताईस्नीच कराले पायजे."

बाईंनी उरलेला चहा बशीत ओतला. मी धापा टाकत मुग्धाकडे पाहिलं. ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिच्या त्या नेहमीच्या शहाण्या पद्धतीने. भांडं भरून माझ्या हातात दिलं. मी पाणी पिऊ लागले तशी ती माझ्या कानाशी वाकली आणि दातओठ खात म्हणाली, "ताई, आबांना सांगायचंच होतं तर तोंडी सांगायचं ना. माझ्यापेक्षा चांगलं कशाला नाचलात?"