साहेबांसाठी पाणी

बाटलीचं सील तुटल्याचा आवाज आला की मला आमच्या गावातल्या शाळेतली जनसुनावणी आठवते. नळाला मचूळ, पिवळट पाणी यायचं. अर्ज करून थकलो, तेव्हा आम्ही गावकऱ्यांनीच तालुक्याच्या साहेबांना सगळ्यांसमोर बोलावलं. भाषणं करायची नाहीत, साहेबांना फक्त आमचं पाणी पाजायचं, असं ठरलं होतं. खिडकीतून खाडीचा खारा वारा येत होता, वर्गात बायकांची दाटी झाली होती. खालच्या आळीतल्या म्हातारीने घासून लख्ख केलेला पेला नळाच्या पाण्याने भरून टेबलावर ठेवला. "साहेब, येक घोट घ्या, मंग बोलू." साहेबांनी खरंच पेला उचलला, आणि मीच ओरडले, "अहो साहेब, ते नको, बाधेल तुम्हाला!" कुणीतरी धावत दुकानातून गार बाटली आणली. साहेब ती प्यायले, रुमालाने तोंड पुसून हसले. म्हातारीने पेला परत घेतला. "आनि आमाला न्हाय बाधत गो?" एवढंच मला विचारून तिने ते पाणी सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. पुढे मी पाण्याच्या कामातच पडले; हल्ली अशा सुनावण्यांना मला पाहुणी म्हणून बोलावतात, समोर बाटली ठेवतात. घसा कोरडा पडतो, पण तिचं झाकण उघडायला हात धजत नाही.